बोल्टाचं घर

स्वतःच्या भिंती पाडायचं ठरवलं तेव्हा हरिदास पूर्ण शुद्धीवर होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, सगळ्या रोहणा गावाला उलटंच सांगितलं.

त्या उन्हाळ्यात वस्तीला आग लागली. शेजारच्या तानबाचं घर उंबरठ्यासकट गेलं. हरिदासचं नुसतं छप्पर जळालं. भिंती काळ्या पडल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. हरिदास आर्वीला एका वकिलाकडे कारकून, वस्तीतला पहिला मॅट्रिक (गणितात दुसऱ्या खेपेला). नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून जुनं ते सगळं टाकायचं, असा त्याचा बाणा होता.

अशात सरकारी ओव्हरसियर प्रभाकरराव ट्रकमधून एक घर घेऊन आले. हो, अख्खं घर! बांबूच्या तट्ट्यांवर सिमेंट थापून केलेल्या भिंती, वर पत्रे आणि पोतंभर नटबोल्ट.

"स्वस्त, टिकाऊ, कुठंही हलवता येतं!" प्रभाकरराव म्हणाले. "जळीतवाल्यांना चालेल, पूरवाल्यांना चालेल, गरीब विद्यार्थ्यांना चालेल!"

नमुना एकच होता. पहिला मान तानबाचा. त्यानं एक बोल्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मले नको. बोल्टावर सायकल राह्यते, संसार नाई राह्यत."

"मग मला द्या!" हरिदासच्या तोंडून निघून गेलं. (शुद्ध भाषेत. साहेबलोकांसमोर तो शुद्धच बोले.)

"जागा सपाट लागेल," प्रभाकरराव म्हणाले.

पंचफुला पुढे झाली. "अवो, भिती साबूत हायेत! वर छप्पर टाकलं का झालं."

"मातीत जलमलो म्हणून का मातीतच मरावं, वं?" म्हणत त्यानं कुदळ उचलली. भिंती पडता पडेनात. दरवर्षी पंचफुलानं आपल्या हातानं लिंपलेल्या त्या. ती पाठ करून बसून राहिली.

संध्याकाळी नवं घर उभं राहिलं. त्याला खिडकी होती. पंचफुलानं राग गेल्याचं कबूल केलं नाही, पण चूल बरोबर खिडकीखाली मांडली.

मग मोठे साहेब पाहणीला आले. साहेब आत, मागे प्रभाकरराव, त्यांच्यामागे हरिदास. आणि अदब म्हणून हरिदासनं दार लोटलं. बाहेर खटकन कडी पडली. (दाराचा तट्टा उलटा बसला होता. बसवताना पाना कोणाच्या हातात होता, ते विचारू नका.)

"पंचफुले, कडी काढ!"

"निंगत नाई!"

"काऊन?"

"ते कडीलेच इचारा!"

पत्रे तापलेले, चूल पेटलेली. साहेब खोकू लागले. हरिदासनं घाबरून कोपऱ्यातला पाना उचलला आणि मागच्या भिंतीचे बोल्ट भराभर काढले. भिंत धाडकन बाहेर पडली. धुळीतून साहेब प्रकटले. आता बेड्याच पडणार, असं हरिदासला वाटलं.

"वा!" साहेब म्हणाले. "एका माणसानं, इतक्या लवकर! हाच याचा खरा गुण. उद्याच हलवा. वर्ध्याच्या कॉलेजवाल्यांना दाखवू."

"साहेब, पण मी..."

"तुम्ही तर कमाल केलीत!" साहेबांनी त्याचा हात जोरानं हलवला. "पुढच्या खेपेत पहिलं घर तुमचं."

सकाळी ट्रक आला. मजुरांना बोल्ट सुटेनात, तेव्हा हरिदासनंच ते सोडवून दिले. (येतं ते करून दाखवायची खोड वाईट.) पंचफुला मोकळ्या जागेवर चूल धरून उभी होती. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पावसाळा दोघांनी तानबानं उभारलेल्या कुडाच्या खोपटात काढला. पुढची खेप आली नाही. पाऊस सरल्यावर पंचफुलानं चिखल तुडवला, हरिदासनं पाणी वाहिलं, आणि भिंती पुन्हा हळूहळू वर आल्या.

हिवाळ्यात वकिलाच्या कामासाठी त्याला वर्ध्याला जायचं होतं. "मी बी येतो," पंचफुला म्हणाली. "आपलं घर कसं हाये ते पाह्यतो."

घर एका मैदानाच्या कडेला होतं. वर पाटी: 'गरीब विद्यार्थी वसतिगृह'. आत मंडपाच्या खुर्च्या आणि सतरंज्या कोंबलेल्या. विद्यार्थी एकही नाही. दाराशी पहारेकरी तंबाखू मळत बसला होता.

"हे मूळचं जळीतवाल्यायसाठी होतं," तो आपणहून सांगू लागला. "रोहण्याकडे एकाले देलं होतं. पन त्या माणसानं साहेबासमोरच भित पाडली. म्हने, नको मले, माह्यं मातीचंच बरं. अशा लोकायले सुधारना पचत नाई, पाहा."

हरिदासनं तोंड उघडलं. पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं, मग पहारेकऱ्याकडे.

"लई येडा असन तो मानूस, भाऊ," ती म्हणाली.

"येडा म्हंजे? अव्वल नंबर!" पहारेकऱ्यानं हरिदासकडे वळून विचारलं, "काऊन, बरोबर नाई का, मास्तर?"

"अगदी बरोबर," हरिदास शुद्ध भाषेत म्हणाला.