सव्वाचाराची फत्ते

समस्त विद्यार्थिजनांचे सेवेसी विनंती ऐसी जे, शिंपीणकाकूंनी वयाचे बेचाळिसावे साली गणित आणि विज्ञान या दोन बळकट किल्ल्यांवर मोहीम केली, ती कोणे प्रकारे केली, कुमक कोठून आली आणि शिकस्त किती वेळा खाल्ली, हे लिहून ठेवावे ऐसा आग्रह पडला. त्याजवरून यथामती लिहिले. पदरचे थोडा मीठमसाला घातला असेल, तिकडे वाचणाऱ्याने कानाडोळा करावा.

मूळ कारण ऐसे. काकूंची शाळा नववीत सुटली, मग संसार जाहला, आणि बाहेरचे खोलीत शिलाईयंत्र मांडून लोकांचे झगे-सदरे शिवण्यात तेवीस वर्षे गेली. परंतु प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून रक्त तपासावे ही हौस मनातून जाईना. त्या प्रशिक्षणास दहावी पाहिजे, आणि वय त्रेचाळिसाचे वर चालत नाही. मग मोठ्या माणसांचे दुपारचे शाळेत अर्ज गेला, आणि मास्तरीणबाईंचे फर्मान आले की, तीन आठवड्यांनी पन्नास गुणांची चाचणी होईल. पंचवीस मिळवील त्याने दहावीचे वर्गात बसावे, न मिळवील त्याने वर्षभर खालचे वर्गात. वर्ष गेले म्हणजे कोट कायमचा गेला. काकूंचे तोंडचे पाणी पळाले.

तों एका गिऱ्हाइकाने खबर दिली की, इंटरनेटावर एक गुरुजी हे दोन्ही विषय फुकट शिकवितात, कितीदा विचारा, ओरडत नाहीत. परंतु घरात मोठा मोबाईल एक, आणि तो सासूबाईंचे ताब्यात. दुपारी त्याजवर मालिका चालत. मग मसलत होऊन तह ठरला की, दोन ते तीन धडे आणि तीन ते चार मालिका. मात्र मोबाईल सासूबाईंचे हातातून सुटणार नाही, सुनेने शेजारी बसून काय ते शिकावे.

पहिलेच दिवशी गुरुजींनी दोनाचा तिसरा घात काढला. सासूबाई ताठ बसल्या.

“तिसरा? म्हणजे बिचाऱ्याचा आधी दोनदा झालाय!”

घात म्हणजे त्या संख्येस तिनेच पुन्हा पुन्हा गुणणे, यात दगाफटका काही नाही, ऐसे उघड जाहले तेव्हा त्यांचा बहुत हिरमोड जाहला. तरी उद्या कोणाचा घात होतो या आशेने त्या रोज पावणेदोनासच मोबाईल पुसून तयार बसू लागल्या.

विज्ञानाचे ठाणे लवकर पडले. धातूतून उष्णता वाहते आणि लाकडातून फारशी वाहत नाही, हे इस्त्रीने बोटे भाजलेल्या बाईस काय शिकवायचे! परंतु अपूर्णांकांचे खिंडीत फौज अडकली. पाच छेद दोन अधिक सात छेद चार, एवढे एकच उदाहरण. अंश एकीकडे धावतो, छेद दुसरीकडे, आणि लसावि कोणाचे बाजूचा तेच कळेना. चार दिवस गुरुजींस मागे नेऊन नेऊन पुन्हा बोलविले. पाचवे दिवशी काकूंनी वही मिटली आणि डोळ्यांस पदर लावला.

“जाऊ दे. माझं डोकंच नाही यातलं.”

 काकूंनी सवयीने गळ्यातली टेप हाती घेतली, आणि उगीच अर्ध्या इंचाचे पाच तुकडे बोटाने मोजले, ते अडीचावर आले. मग पाव इंचाचे सात मोजले, ते पावणेदोनावर आले. काकू टेपेकडे पाहतच राहिल्या.

“आई, अडीच नि पावणेदोन किती?”

“सव्वाचार. रोज कापतेस की!”

ऐसे होताच खिंड मोकळी जाहली. जो गनीम म्हणून चार दिवस झोप उडवीत होता तो तेवीस वर्षे घरचाच माणूस निघाला. काकू हसल्या, रडल्या, आणि उरलेली चौदा उदाहरणे त्या बैठकीत कापून काढली. मालिकेची वेळ टळली. सासूबाईंनी तहाचे कलम दाखविले नाही.

चाचणी जाहली. मास्तरीणबाईंनी तेथल्या तेथे कागद तपासिले आणि काकूंस पुढे बोलाविले. गुण चोवीस भरत होते. ते खिंडीतलेच पाच छेद दोन अधिक सात छेद चार चाचणीतही आले होते, त्याखाली काकूंनी घाईत आकड्यांऐवजी अक्षरांनी ‘सव्वाचार’ लिहिले होते, आणि रीत काही लिहिली नव्हती; सबब दोन गुण अडकले होते. रीत दाखवा, ऐसा हुकूम जाहला. काकूंनी गळ्यातली टेप, जी घाईत तशीच राहिली होती, ती काढून फळ्यावर धरिली, आणि अर्धे पाच व पाव सात भर वर्गात मोजून दिले. मास्तरीणबाईंनी स्वतः वाकून इंच पाहिले.

“बरोबर आहे. पुढच्या वेळी आकड्यात लिहा हं, ताई.”

ऐसे सव्वीस गुणांनी किल्ला फत्ते जाहला. लगोलग दहावीची हजेरी सुरू जाहली. सतरावा नंबर पुकारला, कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारला तेव्हा तो आपलाच, हे काकूंचे ध्यानी आले, आणि उभे राहून त्यांनी इतक्या मोठ्याने ‘हजर’ म्हटले की शेजारचे वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले.