शुरी गाईच्या सीमोल्लंघनाची हकीकत

साहेबीं पुसिले जे, पिरेनीज पर्वताचे माथां फ्रान्स आणि स्पेन या दो दौलतींची सरहद्द, तेथे एका गाईपायीं रण कैसे माजले, ते लिहिणे. त्यास घडले तैसेच लिहितो. पदरचे मीठ घातले नाही. मीठ पुढे कामास येणार आहे.

उभय खोऱ्यांचा पुरातन तह ऐसा की, सूर्य आहे तोंवर गुरांनी हव्या त्या दौलतीचे गवत खावे, परंतु सूर्यास्तापूर्वी स्वमुलखी परतावे; न परतेल ते जनावर समोरच्याने जप्त करावे. फ्रान्सकडील मायदेरबाई, गुडघे नादुरुस्त, हिंमत बुलंद. त्यांची सारी दौलत म्हणजे शुरी नामे पांढरी गाय. तिचे दुधाचे चीजवर बाईंचे वर्ष निघे. ती गाय सरहद्दीची डोंगरधार ओलांडून स्पेनचे मुलखी उतरली, आणि पोटभर चरली, मग बैठक मारून रवंथ करू लागली, आणि उठण्याचे नाव काढीना. बाई लंगडत पाठीमागून पोहोचल्या, तो स्पेनकडील फेर्मिनराव दोरखंड घेऊन जातीने हजर, त्यांचा कळप शेजारीच चरत. खोऱ्यात सावली पडली होती.

"मायदेरमावशी, सूर्य बुडाला. गाय माझी झाली बरं का!"

 परंतु बाई वर पाहतात, तो धारेवरील सरहद्दीचा दगड उन्हात लखलखतो आहे.

"बुडाला? फेर्मिन्या, तुझ्यापुढे डोंगर आडवा आला म्हणून सूर्य बुडतो होय रे? वर चल, दाखवते."

"आणि नसला तर?"

"तर गाय ने. पण तहात सूर्य आहे, तुझी सावली नाही."

मग राव कुरकुरत चढू लागले, आणि बाईंनी खिशातील खडेमीठ शुरीचे नाकापुढे धरिले, आणि शुरी तत्काळ उठली. मग मिठाचे लोभे रावांचा समस्त कळपही मागोमाग निघाला. त्याची खबर रावांस नाही. धारेवर पोहोचले, तो सूर्य अद्याप दोन बोटे वर. राव त्यावरच डोळे रोखून राहिले, आणि बाई पलीकडे फ्रान्सचे उतारावर मीठ वाटीत बसल्या. अखेर सूर्य मावळला.

"आता तरी बुडाला ना?" ऐसे गर्जून राव वळले.

"बुडाला की! आता तुझ्या गाई कुठं आहेत ते बघ."

राव खाली पाहतात, तो सारा कळप फ्रान्सात मीठ चाटीत होता.

"मावशी, बुडालो गं मी!"

"रडू नकोस. घेऊन जा तुझ्या. मला ही एकच सांभाळवत नाही, जिवाला घोर लागतो बघ."

मग बाईंचा हुकूम जाहला की, रोज ऊन कलताच फेर्मिनरावांनी शुरीस स्वहस्ते धारेपर्यंत पोहोचवावे, बाईंचे गुडघ्यांस तसदी न द्यावी. रावांनी मान तुकविली, आणि मायदेरबाईंची फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे. दुसरे दिवशी शुरी पुन्हा स्पेनात जाऊन बसली, आणि राव खिशात मीठ घेऊन निघाले.