राखीव गड्याचा कॉस्ट्यूम

काडी बाथरूममध्ये अडकला होता. दार सताड उघडं होतं. अडकला होता तो अंगातल्या कपड्यात.

"अहो, तो पट्टा खांद्यावरून सरकवा ना!"

"सरकतोय कुठे? रुतलाय! आणि जरा हळू बोल, मला श्वास घेता येत नाहीये."

"मी हळू बोलल्याने तुम्हाला श्वास कसा येईल?" बायको म्हणाली. मुद्दा बरोबर होता, पण वाद घालायला काडीच्या छातीत हवाच उरली नव्हती.

सगळ्याचं मूळ आदल्या दिवशीचा फोन. फोन होता पाऱ्याचा. तरुणपणी दोघं फ्रीस्टाइल कुस्ती खेळायचे, अगदी हलक्या वजनगटात. हा काटकुळा म्हणून काडी, तो हातातून निसटायचा म्हणून पारा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी दोघांतून एकच जाणार होता. निवडीच्या कुस्तीत पाऱ्याने मागून कमरेला मिठी घालून काडीला पाडलं आणि एका गुणाने जागा पटकावली. काडी संघाबरोबर गेला खरा, पण राखीव म्हणून. त्या परक्या देशातल्या झगझगीत हॉलमध्ये मॅटच्या कडेला टॉवेल घेऊन तो घसा बसेपर्यंत ओरडला. पाऱ्याने पदक आणलं आणि काडीने आणला कॉस्ट्यूम.

कुस्तीत घालायचा तो घट्ट निळा पोशाख राखीव गड्यालाही मिळतो. काडीने तो इतकी वर्षं जिवापाड जपला होता. पण घरी येणारा जो तो म्हणायचा, "वा, अजून नवाकोरा!" एकही कुस्ती न बघितलेला कपडा नवाकोरा राहील नाही तर काय? काडीला ते दरवेळी टोचायचं, आणि तो विषय बदलायचा.

"उद्या चहाला येतोय. मला ओळखशील ना रे? डोक्यावर एकही केस उरला नाहीये," पारा फोनवर म्हणाला होता.

"मी मात्र आहे तसाच आहे. त्याच वजनात!" काडी बोलून बसला. बायकोने त्याच्या पोटाकडे सावकाश नजर टाकली आणि काही न बोलता भाजी निवडायला घेतली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग आज सकाळी काडीने तेच केलं, जे हलके गडी वजनाच्या दिवशी करतात. खाणं बंद, पाणी बंद. स्वेटरवर स्वेटर चढवून जिन्याच्या खेपा.

"अहो, ते चहाला येतायत, तुमचं वजन करायला नाही!"

"तुला नाही कळायचं."

वजनकाट्यालाही कळलं नाही. आकडा जागचा हलेना. "काटाच बिघडलाय," असं म्हणून काडीने कपाटातून कॉस्ट्यूम काढला. तो तरी खोटं बोलणार नाही! घामाने निथळणाऱ्या अंगावर त्याने तो ओढूनताणून चढवला, आणि ओल्या अंगाला तो असा चिकटला की उतरायचं नाव घेईना. बायकोने खोबरेल ओतलं. त्याने पट्टा तसूभर सरकला नाही, तिचे हात मात्र सटकायला लागले.

"थांबा, कात्री आणते."

"खबरदार! जीव गेला तरी चालेल, कात्री लावायची नाही!"

तेवढ्यात बेल वाजली.

काडी चादर गुंडाळून सोफ्यावर जाऊन बसला. "ताप आलाय," त्याने पाऱ्याला कण्हत सांगितलं.

"अरे देवा!" पाऱ्याने काडीच्या कपाळाला हात लावला. "पण हा तर घाम! ताप उतरतोय. वारा लागू दे अंगाला." आणि त्याने फर्रकन चादर ओढली.

समोर निळ्या कॉस्ट्यूममध्ये तेलाने चकाकणारा काडी. पारा हसला नाही. हातातली काठी बाजूला ठेवून तो कॉस्ट्यूमकडे बघत राहिला.

"आपल्या संघाचा!" तो म्हणाला. "माझा पोरांनी गाडी पुसायला घेतला रे. तू जपलास. त्या हॉलमध्ये एवढी गर्दी, पण मला तुझाच आवाज ऐकू यायचा."

"भावजी, ते नंतर. आधी ह्यांना सोडवा, जांभळे पडलेत," बायको म्हणाली.

"सोप्पं आहे. उभा राहा रे. मी मागून पोट आवळतो. वहिनी, तुम्ही पट्टा ओढा."

पाऱ्याचे हात मागून कमरेभोवती पडले मात्र, काडीच्या अंगात काहीतरी जागं झालं. हीच ती मिठी! डोक्याने विचार करायच्या आत त्याने मनगट धरलं, तेलकट अंगाने गर्रकन फिरला, पायात पाय घातला, आणि दोघं धाडकन सतरंजीवर आदळले. टर्रकन आवाज झाला. पारा खाली, काडी वर.

लग्न झाल्यापासून कुस्त्यांची वर्णनं ऐकून पंच झालेली बायको गुडघ्यांवर बसली. वाकून पाऱ्याचे दोन्ही खांदे तपासले आणि सतरंजीवर सणसणीत थाप मारली. "चीतपट!"

"लागलं का रे?" काडीने घाबरून विचारलं.

"लागलं तर! पण हरल्याचं जास्त."

"मुद्दाम पडलास ना? खरं सांग."

"ह्या गुडघ्यांची शपथ, नाही. आधी अंगावरून ऊठ, मेल्या, त्याच वजनात म्हणे!"

काडी उठला. छातीभर श्वास आला, तेव्हा त्याला कळलं. कॉस्ट्यूम काखेपासून कमरेपर्यंत उसवला होता. त्याचा चेहरा पडला. बायकोने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"द्या इकडे. उद्या असा शिवते की कळणारही नाही."

काडीने उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग सतरंजीवर पडून धापा टाकणाऱ्या पाऱ्याकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"शिवू नकोस," तो म्हणाला. "असाच राहू दे. कुणी विचारलं, तर कुस्तीत फाटला म्हणून सांगू."

"आणि 'कुणाबरोबर?' असं विचारलं," पारा खालूनच म्हणाला, "तर मला बोलवा. मी येऊन सांगेन."