माळ्याचा कबुलीजबाब

सासूबाई तिसऱ्या गावाच्या वेशीवर पोहोचल्या आणि जावयानं कप सोडून रिकामी बशीच तोंडाला लावली.

वास्तविक सासूबाई कुठेच गेल्या नव्हत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर विश्रांतीला लेकीकडे आल्या होत्या आणि सोफ्यावर पाय पसरून व्हिडिओ गेम खेळत होत्या. गेम जावयाच्या कंपनीचा, त्यातल्या गोष्टीही त्याच्याच हातच्या. आईचा वेळ जावा म्हणून बायकोनं रिमोट दिला, आणि दहा दिवसांत आईनं दोन राक्षस, एक चेटकीण आणि घाटातले झाडून सगळे दरोडेखोर आडवे केले.

भीतीचं मूळ आठ महिन्यांपूर्वीचं होतं. तेव्हा साहेबांनी त्याला बोलावून झापलं होतं. "प्रत्येक गावात तेच? राक्षस गाव जाळतो, म्हातारा तलवार काढून देतो, वर 'बाळा, तूच तो' म्हणतो! तुमची माणसं पोपटासारखी बोलतात हो. स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी लिहा की!"

जावयाच्या आयुष्यात लिहिण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती नेमकी पोपटाची होती. तीन वर्षांपूर्वी, सासुरवाडीला गेला असताना, त्यानं सासूबाईंच्या लाडक्या पोपटाला पाणी ठेवलं, तेही फोनवर बोलत बोलत, आणि तो बाहेर पडला. संध्याकाळी पिंजरा उघडा आणि पोपट गायब. कडी लावल्याचं त्याला काही केल्या आठवेना. सासूबाईंनी शेजारणीच्या मांजरावर आळ घेतला, शेजारणीशी बोलणं तोडलं, आणि हा मिठाची गुळणी धरून बसला. वर सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्यात जबाबदार माणूस एकच, आमचे जावई." ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगितलं तर ते वाक्य त्यांच्या तोंडून कायमचं जाईल, या विचारानं त्याला घाम फुटायचा.

शेवटी त्यानं ते सगळं गेममध्ये ओतलं. राणीचा पोपट उडून जातो, राजवाड्यातल्या मांजराला शिक्षा होते आणि तिसऱ्या गावच्या विहिरीपाशी माळी कबूल करतो की पिंजरा आपणच उघडा ठेवला. सासूबाई गेम खेळतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यानं काय काय करून पाहिलं! "आई, आधी दलदलीकडे जा, तिथे खजिना आहे," असं सुचवलं. दलदलीत सात तोंडांचा साप होता, तो भल्याभल्यांना आठवडाभर अडवायचा. सासूबाईंनी तो जेवणाआधी मारला. मग त्यानं साहेबांना फोन करून माळ्याला काढून टाकायची विनवणी केली. "काढू? लोक त्या माळ्यावर जीव टाकतायत! उलट पुढचा भाग लिहा. पोपट परत येतो आणि बोलतो, असं काहीतरी." हेही फसल्यावर त्यानं टीव्हीची वायर लपवली. बायकोला ती दोन मिनिटांत सापडली.

"ही सोफ्याखाली कशी गेली रे?"

"मांजर असेल," तो सवयीनं म्हणाला. त्यांच्या घरात मांजर नव्हतं.

आणि आता बायको कामावर गेलेली, समोर विहीर आणि विहिरीपाशी माळी. पाणी ठेवताना गप्पांत गुंतलेला, कडी विसरलेला. माळ्याचं बोलणं संपलं आणि खाली तीन पर्याय आले: माफ कर, शिक्षा कर, निघून जा. सासूबाईंचा अंगठा जागच्या जागी थांबला.

"जावईबापू, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो," तो बशीकडे बघत म्हणाला.

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला वाटतंय की…"

"चुकलं आई! कडी माझ्याकडूनच राहिली. तुम्ही काय ती शिक्षा करा, पण मला…"

"अहो, कडी तुम्ही लावली होती! इतकी घट्ट, की काढताना माझं नख मोडलं."

"म्हणजे पोपट तुम्हीच सोडलात?"

"करणार काय?" सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "बहिणीशी फोनवर तुमच्याबद्दल मी जे बोलायचे, ते मेल्यानं पाठ केलं. तुम्ही पाणी ठेवून बाहेर पडलात आणि हा सुरू! चार माणसांत बोलला असता म्हणजे? खूप रडले हो मी त्याच्यासाठी. पण तुम्ही दुखावला असतात."

"आणि ते मांजर?"

"ती शेजारीण मला तशीही आवडत नव्हती."

तीन वर्षांचं ओझं असं एका झटक्यात उतरल्यावर जावयाला हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र त्यानं सावकाश विचारलं, "काय बोलायचा हो तो?"

सासूबाईंनी घाईघाईनं 'माफ कर' दाबलं. "एकच वाक्य होतं. आता आठवत नाही."

"बघा जरा आठवून." जावयानं खिशातून वही-पेन काढलं. "साहेबांना पुढचा भाग हवाय. पोपट परत येतो आणि भर दरबारात बोलतो. काय बोलतो ते आयुष्यातलंच पाहिजे म्हणतात."

आता सासूबाईंचा अंगठा भलत्याच बटणावर पडला. पडद्यावरचा त्यांचा शूर वीर दोन पावलं मागे सरला आणि सरळ विहिरीत पडला.

"कशाला हो ते घरातलं चव्हाट्यावर!" त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "त्यापेक्षा राक्षसाकडून आणखी एखादं गाव जाळून घ्या की."