निऱ्या पुढे की मागे

कपडे विकत घेण्यात मी कधी चुकत नाही. शर्ट असो, विंटर जॅकेट असो, मी दुकानात शिरतो, बोट दाखवतो, पैसे देतो आणि बाहेर येतो. ट्रायल रूम ही ज्यांना स्वतःचं माप माहीत नाही अशा लोकांची सोय आहे, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे अजूनही आहे, पण हल्ली मी ते घरात बोलून दाखवत नाही.

मला किल्ट घ्यायचा होता. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुष नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घेर. सांगलीच्या माणसाला किल्ट कशाला, असं तुम्ही विचाराल. माझ्या बायकोने, सीमाने, हेच विचारलं होतं, फक्त तिने 'सांगलीच्या' या शब्दाआधी आणखी एक विशेषण लावलं होतं.

कारण होतं ढोल. कॉलेजात असताना मी गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचो. कॅनडात आल्यापासून हात नुसते कीबोर्डवर. एकदा गॅरेजमध्ये रिकाम्या बादलीवर जरा हात साफ केला, तर शेजारीण काळजीने विचारायला आली, तुमचा घर गरम करायचा फर्नेस बिघडलाय का? आणि मग २०१७च्या वसंतात आमच्या इथल्या, म्हणजे व्हँकुव्हरच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या, बॅगपाइप बँडचा मोठा ड्रम वाजवणारा माणूस कॅलगरीला निघून गेला. मी धावत गेलो. बँडची म्होरकी मोराग, सत्तरीची, काटक बाई. तिने माझे चार ठोके ऐकले आणि म्हणाली, "कॅनडा डेच्या परेडला वाजव. मग ठरवू." दुसरा उमेदवार एक डेंटिस्ट होता. त्या वर्षी देशाला दीडशे वर्षं पूर्ण होत होती, परेड मोठी होणार होती, आणि खरं सांगतो, मला तो ड्रम इतका हवा होता की मी रात्री उशीवर ठेका धरायचो.

बँडचा भारी लोकरी किल्ट कायम झालेल्यांनाच मिळतो. नव्या माणसाने स्वतःचा साधा, कॅज्युअल किल्ट आणायचा. जाड कापडाचा, बाजूला खिसे, कमरेला टिचबटणं, असे आधुनिक किल्ट मिळतात. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

सीमा आणि आमची नववीतली सलोनी मजा बघायला बरोबर आल्या. दुकानदार दाढीवाला, हातभर गोंदवलेला, स्वतः किल्ट घालून काउंटरमागे उभा. मी काळा किल्ट उचलला.

"वकिलासारखा दिसशील," सीमा म्हणाली.

मी निळा उचलला.

"शाळेचा युनिफॉर्म."

मग खाकी.

"आमच्या नाक्यावरचा हवालदार आठवला. पण तुला शोभेल."

खाकीचे खिसे मोठे होते, फोन आणि गाडीची किल्ली सहज मावत होती, म्हणून मी तोच ठरवला. दाढीवाला टेप घेऊन पुढे आला आणि माझ्या बेंबीकडे बघायला लागला.

"गरज नाही," मी म्हटलं. "थर्टी-फोर."

"सर, किल्ट जीन्सच्या जागी बसत नाही. वर, बेंबीवर बसतो. मोजून घेऊ या का?"

"आय नो माय साइझ," मी म्हटलं. तेवढ्यात सलोनीला शाळेतली मैत्रीण दिसली आणि ती पट्ट्यांच्या स्टँडमागे जाऊन बसली. "डॅड, कॅन वी प्लीज जस्ट गो," असा आवाज पट्ट्यांमधून आला. दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. तिथे एक पुतळाही किल्ट घालून उभा होता, पण मी त्याच्या कपड्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या सपाट पोटाचा मला राग आला होता.

घरी येऊन किल्ट नेसला. माझी जीन्स पोटाच्या खालून जाते, हे मला माहीत होतं. पोटाच्या वरून जायची वेळ आली की चौतिसाचे चाळीस होतात, हे त्या दिवशी कळलं. दोन टोकांच्या मधे वीतभर मी उरलो होतो.

"बदलून आण," सीमा म्हणाली.

बदलून आणायचा म्हणजे त्या दाढीवाल्यासमोर उभं राहून 'फॉर्टी' म्हणायचं. मी म्हटलं, "कापड सैल होतं नंतर."

"कापड की तू?"

इथे माझ्या सासूबाई प्रमिलाबाई सोफ्यावरून उठल्या. त्या उन्हाळ्यापुरत्या मिरजेहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर परकर, ब्लाउज, झबली शिवली आहेत, आणि कॅनडात आल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्यांनी किल्ट उलटा केला, चष्मा वर केला आणि आतल्या निऱ्या बोटांनी चाचपल्या.

"रविकांतराव, माया भरपूर आहे की आत. चार निऱ्या उसवते, कंबर आपोआप वाढेल. पण या कुठे घातल्यात मेल्याने? मागे?"

"आई, फोटोत पुढून सपाटच दिसतं," मी म्हटलं.

"त्यांच्यातल्या पुरुषांना निऱ्या घालायला कोण शिकवणार? धोतराच्या निऱ्या पुढे, साडीच्या निऱ्या पुढे. मागे घेतल्या तर बसल्यावर चुरगळणार नाहीत का?"

मी इंजिनिअर आहे. मला ते तंतोतंत पटलं. इंटरनेटवर बघावं हे माझ्या मनातही आलं नाही, कारण घरात तज्ज्ञ व्यक्ती असताना बघायचं कशाला?

दोन दिवस सासूबाई शिवत होत्या. चार निऱ्या उसवल्या, बटणं सरकवली, उरलेल्या निऱ्या पुढे येतील असा सगळा घेर फिरवला. चालताना फिसकटू नयेत म्हणून त्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत टाके घालून बसवून टाकल्या. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "आणि आत काय घालतात?"

"आज्जी!" म्हणत सलोनी जिना चढून गेली.

"सायकलिंग शॉर्ट्स," मी घाईघाईने म्हटलं, आणि खरोखरच घातली. त्या एका निर्णयाचा मला आजही अभिमान आहे.

मी आरशासमोर उभा राहिलो. स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत चाललो. बसलो, उठलो. झकास. लांब ढांगा टाकायला आमच्या लिव्हिंग रूममध्ये जागा नव्हती, हे आता लक्षात येतं.

एक जुलैला सकाळी मैदानात बँड जमला. आमचा सराव चर्चच्या तळघरात जीन्सवर व्हायचा, त्यामुळे सगळ्यांना किल्टमध्ये मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळ्यांच्या निऱ्या मागे. अठराच्या अठरा जणांच्या! चेहरा मात्र मी तसाच ठेवला. मोरागने मला पुढून पाहिलं. मग मागे जाऊन पाहिलं.

"वेल," ती म्हणाली, "दॅट्स इंटरेस्टिंग."

इतकी वर्षं इथे काढूनही मला वाटलं, बाईला आवडलं. कॅनडात 'इंटरेस्टिंग' म्हणजे काय ते मला सीमाने नंतर समजावलं.

एका पायपरने, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याने, माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, आजारी माणसाला आपण डोलावतो तशी. ड्रम पोटावर चढला, निऱ्या झाकल्या गेल्या, मला जरा हायसं वाटलं. बॅगपाइप फुगले आणि आम्ही निघालो.

दुसऱ्याच पावलाला कळलं की माझा पाय पुढे जात नाही. सासूबाईंचे टाके! दोन गुडघ्यांच्या मधे एवढंसं अंतर. इतरांच्या एका ढांगेला माझी दोन पावलं पडायला लागली. आता ड्रमवाल्याचं असं असतं की त्याचा हात पायाबरोबर चालतो आणि अख्खा बँड त्याच्या हाताबरोबर. मी पावलं दुप्पट केली, ठोके दुप्पट झाले. बँडने इमानदारीने वेग वाढवला. मग त्यांच्या मागे राहू नये म्हणून मी आणखी भराभर चाललो.

चौकापर्यंत पोचेस्तोवर स्कॉटलंडचं ते गंभीर गाणं विसर्जनाच्या शेवटच्या तासासारखं वाजत होतं. पायपरांचे चेहरे लालबुंद झाले. आमच्या पुढे गार्डन क्लबच्या आज्या फुलं लावलेल्या ट्रकवर बसून संथ हात हलवत होत्या. आम्ही त्यांना गाठलं. एक पायपर त्यांच्या पेटुनियाच्या फुलांत शिरला. मोराग मागे वळून ओरडली, "स्लो डाउन, रवी!"

"आय कॅनॉट!" मी ओरडलो.

फुटपाथवर सीमा फोन धरून उभी होती. फोन हलत होता, कारण ती हसत होती. सलोनी रस्त्याच्या पलीकडे एका चिनी कुटुंबात सामील झाली होती. मी वेग कमी करायचा म्हणून सगळा जोर लावून एक लांब पाऊल टाकलं.

टर्र.

टाके गेले. त्यांच्याबरोबर सरकवलेली बटणंही गेली. किल्ट खाली निघाला आणि मी डावा हात ड्रमखालून घालून तो पकडला. आता उरला एक हात. ठोके निम्मे झाले. बँडने तेही इमानदारीने पाळलं. मघाशी धावणारी माणसं एकदम प्रेतयात्रेला निघाल्यासारखी चालायला लागली, आणि बाजूच्या एका म्हाताऱ्याने हळूच टोपी काढली.

तेवढ्यात गर्दीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "रविकांतराव, निऱ्या धरा!"

मी धरल्या. शेवटपर्यंत धरल्या आणि, टाळ्या-शिट्ट्यांनी रस्ता दणाणला तरी, शेवटपर्यंत वाजवलं. पण मैदानात पोचल्यावर ड्रम उतरवताना मला रडू येईल असं वाटलं. डेंटिस्ट समोरच उभा होता. त्याचे दात फार छान होते.

मोराग आली. तिच्या केसात पेटुनियाची पाकळी होती. मी म्हटलं, "आय अॅम सो सॉरी."

"सॉरी काय?" ती म्हणाली. "चाळीस वर्षांत या परेडमध्ये आम्हाला कुणी एवढी दाद दिली नव्हती. आणि कपडे उतरायला लागले तरी तू ठोका सोडला नाहीस. ड्रम तुझा."

मी किल्ट सोडून तिचा हात धरणार होतो, पण वेळीच सावरलो.

"फक्त एक अट," ती म्हणाली. "तू पँट घाल."

तेव्हापासून आमच्या बँडमध्ये पँट घालणारा मी एकटा आहे. ऑगस्टच्या जत्रेत एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि अतिशय आदराने, आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही किल्ट घालत नाही, ते धार्मिक कारणामुळे का?"

मी क्षणभर सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेजारच्या बाकावर बसून एका पायपरचा किल्ट डोळ्यांनी उसवत होत्या.

"हो," मी म्हटलं. "आमच्यात फार कडक असतं."