पोटावरचा जालना जिल्हा

केदारखेड्याच्या लग्नाला जायच्या घाईत एकदा माझं सकाळचं इन्सुलिन टोचायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी दोन दिवसांचं एकदम टोचून घेतलं आणि वर स्वतःवरच खूश झालो.

बरोबर आठला यशोदा सिस्टरांचा फोन.

"टोचलं का? कुठं?"

"अंबडला. कालचं राह्यलं होतं, म्हणून लगेच परतूरलाही."

सिस्टरांनी फोनच ठेवून दिला. असं पहिल्यांदाच झालं.

यशोदा सिस्टर म्हणजे आमच्या जाफराबादच्या गल्लीतल्या रिटायर्ड नर्स. एकट्या राहतात. शुगरवाल्यांना इन्सुलिनचं पेन शिकवायचा त्यांना भारी नाद. रोज एकाच जागी टोचलं की गाठ येते, म्हणून त्या पेशंटच्या पोटाचा जालना जिल्हाच करतात. वर भोकरदन, खाली अंबड, परतूर, कडेला मंठा. बेंबी म्हणजे जालना शहर. तिच्याभोवती तीन बोटं सुई न्यायची नाही. "तिथं गर्दी हाय." रोज तालुका बदलायचा, आणि सकाळी आठला त्या एकेकाला फोन करून तो विचारणार. माझ्या पोटावर तर जिल्हा मावून शेजारचं बुलढाणाही बसलं असतं.

दहा मिनिटांत त्या दारात हजर. डॉक्टरांना फोन करूनच आल्या होत्या: खायला द्या, शुगर बघत राहा, सावरली नाही तर लगेच घेऊन या.

"भाऊ, एखाद्या दिवशी राह्यलं तर दवाखान्यात इचारायचं. दुप्पट बिलकुल न्हाई. हे सावकाश चालणारं औषध. चोवीस तास अंगात बसून राहतं." त्यांनी खुर्ची ओढली. "मंग मी बी बसते."

आणि बसल्या. तासातासाला माझं बोट टोचत राहिल्या. दुपारी मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मशीनवर आकडा चौसष्ट. त्यांनी पाण्यात तीन चमचे साखर घालून ते पाजलं, घड्याळाकडं बघत पंधरा मिनिटं थांबल्या, पुन्हा टोचलं. ब्याऐंशी.

"आता भाकरी खा."

"भूक नाही, सिस्टर."

"तुमाला इचारलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी आठपर्यंत माझी शुगर जागेवर आली होती. सिस्टरांनी आमच्याच ओट्यावरून फोन लावून गल्लीभरचे तालुके विचारून घेतले. मग पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. त्यांनाही शुगर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सिस्टर, तुमचं आज कुठं?"

त्यांचा हात थांबला. 

"बारा वर्सं झाली, टोचून राह्यले," त्या म्हणाल्या. "हे कुणी इचारलं न्हाई."

मग पदर सावरत हळूच म्हणाल्या, "मंठा."

त्या गेल्यावर बायकोनं कपबशा उचलल्या.

"उद्यापासून आठला तुम्हीच त्यांना फोन लावायचा," ती म्हणाली. "आणि एखाद्या दिवशी राह्यला, तर दुसऱ्या दिवशी दोनदा लावू नका."