श्रीमंत चष्मेवाल्यांची रॅम-एसएसडी मोहीम

वाचणारांस उदंड आयुष्य चिंतून लिहिणे ऐसे जे, घरच्या सर्व्हरावर मोहीम जाहली ती जैसी पाहिली तैसी लिहितो, पदरचे काही घालीत नाही. घातलेच तर श्रीमंतांच्या मोठेपणापुरते.

श्रीमंत चष्मेवाले मोठे धोरणी. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलीत "हे बरे की ते बरे?" ऐसा सवाल करावा आणि उत्तर येईतो दम धरवू नये, परंतु खुद्द आपणांस दोहोंतले एक निवडणे आले की हातपाय गाळावे, हा त्यांचा लौकिक. त्यांचे पदरी एक जुना संगणक होता, चपलांच्या कपाटावर मुक्काम करून. त्यास सर्व्हर ही पदवी बहाल केली आणि घराण्याचे समस्त फोटो-व्हिडिओ त्याचे हवाली केले. त्यांत कैलासवासी वडिलांचा व्हिडिओ एकच. मातुश्री तो रोज संध्याकाळी टीव्हीवर लावीत. एके दिवशी तो दोन पळे अडखळला, येवढेच निमित्त जाहले, आणि श्रीमंतांनी कंबर कसली.

मग मसलत पडली की कुमक कशाची द्यावी? रॅम द्यावी तर चालू कामास पुढ्यात पैस जागा होते, परंतु वीज जाताच ती सारे विसरते. एसएसडी, म्हणजे चपळ डिस्क, द्यावी तर कोठारातला माल झपाट्याने निघतो, परंतु मांडावा कोठे? इंटरनेटवरील पंडितांस खलिते धाडिले. निम्मे रॅम म्हणाले, निम्मे एसएसडी म्हणाले, आणि उरलेल्यांनी श्रीमंतांची अक्कल काढिली. इतक्यांत धर्मपत्नी बाईसाहेब यांचा हुकूम सुटला की, पार्सल येईल ते एकच, घरात आधीच खोक्यांस पाय लागतात.

तेव्हा दुखणे मोजल्याविना औषध नको, ऐसे म्हणून श्रीमंतांनी सर्व्हरावर पहारे बसविले. एक प्रोग्राम रॅम मोजी, दुसरा डिस्क मोजी, तिसरा गरमी मोजी, आणि तिघे नीट मोजतात की नाही हे पाहण्यास चौथा. ऐसे करिता अकरा जाहले, आणि अकराही आपापल्या नोंदी क्षणोक्षणी त्याच बिचाऱ्या डिस्कवर खरडू लागले. आलेख रंगले, श्रीमंत प्रसन्न जाहले, आणि व्हिडिओ पार बसला. वडील पडद्यावर येत, तोंड उघडीत, आणि मध्ये चक्र फिरे ते फिरतच राही. मातुश्री रिमोट धरून डोळे पुशीत, आणि श्रीमंत आलेख दाखवून म्हणत की, पाहा, दुखणे किती खोल!

रविवारी वडिलांस जाऊन वर्ष होणार होते. शनिवारी सकाळी चहाचे वेळी मातुश्रींनी फर्माविले, "उद्या मला त्यांचा आवाज ऐकायचाय. आणि काय रे, तू मोजायला लागायच्या आधी ऐकू येत होता की!"

बाईसाहेब हसू दाबीत खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग श्रीमंत करतात काय? जड अंतःकरणे एकेक पहारेकरी बडतर्फ केला, अकरावा जाता सर्व्हराने सुस्कारा टाकिला, आणि रविवारी व्हिडिओ लाविला तो बिनतक्रार चालला.

वडील जेवणाच्या टेबलावर भिंतीवरचे घड्याळ उघडून बसले होते. कॅमेऱ्यामागून मातुश्रींचा आवाज, "अहो, चालत होतं ना ते?"

वडिलांनी तोंड उघडिले. चक्र फिरले नाही. "चालत होतं गं. आता आणखी चांगलं चालेल!"

मातुश्री हसल्या आणि रडल्याही. "मेलं पुन्हा कधी चाललं नाही," ऐसे टीव्हीस सुनावून त्यांनी पुत्राकडे पाहिले. श्रीमंतांनी हा व्हिडिओ शंभरदा ऐकिला असेल, परंतु कान लाल जाहले ते त्याच दिवशी.

येणेप्रमाणे रॅम न येता, एसएसडी न येता, सर्व्हर होता तैसा पुन्हा करून श्रीमंतांची मोठी फत्ते जाहली. हाती लागले ते वडिलांचे सात शब्द. ते मातुश्रींनी त्या दिवशी चौदा वेळां ऐकिले, आणि प्रत्येक वेळी उत्तर दिले.